अध्यक्ष नसलेली सभा

धुरपता ठोंबरेने आयुष्यात जेवढे अर्ज लिहिले तेवढे कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्यांनीही लिहिले नसतील. गल्लीतला दिवा लागत नाही, अर्ज. नळाला पाणी चढत नाही, अर्ज. १९९४ साली तिला सिंदी मेघेत एस.टी.डी. बूथ टाकायचं होतं. कुण्या साहेबाने तिचा अर्ज दोनदा हरवला. तिसऱ्या खेपेला ती अर्ज आणि जेवणाचा डबा दोन्ही घेऊन गेली आणि साहेबाच्या खिडकीसमोर बाकावर तीन दिवस बसून राहिली.

"साहेब, तुमी जेवले का? मी जेवली. आता माह्या कागदाकडे पाहा."

चौथ्या दिवशी बूथ मंजूर! जाम गावच्या चौकात, बापाच्या चहाच्या टपरीवर ट्रकवाल्यांशी भांडत लहानाची मोठी झालेली बाई ती. दहावी दोनदा नापास, पण तिला कोणी 'कमी शिकलेली' म्हटलं की म्हणणाऱ्याची दुपार खराब.

त्या बूथवर तिने अर्ध्या वस्तीला फोनवर बोलायला शिकवलं. माणसं रिसीव्हर हातात घेऊन नुसतं "हालो, हालो" ओरडायची आणि मिनिटं पळायची. धुरपता काचेबाहेरून सांगायची, "पह्यले नाव सांग. मंग काम सांग. मंग गप्प राह्य अन् समोरच्याले बोलू दे!" माणसं शिकली. नवीन माणूस यंत्राला भीत नाही, आपली फजिती होईल याला भितो, हे तिला त्या काचेबाहेर उभं राहून कळलं.

मग खिशाखिशात मोबाइल आले आणि बूथ ओस पडलं. धुरपताने रडगाणं गायलं नाही. बूथची काच काढली, दोन जुने कॉम्प्युटर आणले आणि पाटीवर 'इंटरनेट' लिहून घेतलं. सावंगीच्या दवाखान्याच्या कॉलेजातली पोरं-पोरी मेल बघायला यायची. त्यांच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस यायचे. दर महिन्याला मशीन झोपायचं. एका मासिकासोबत फुकट सीडी आली होती, 'लँटर्न' नावाची. कॉम्प्युटर चालवणारी नवी व्यवस्था, कोणालाही वापरायला मोकळी, कोणालाही उघडून बघायला मोकळी. धुरपताने ती स्वतःच टाकली. पहिल्यांदा टाकताना मशीनवरचं होतं नव्हतं सगळं पुसलं गेलं. दुसऱ्यांदा पुसण्यासारखं काही उरलंच नव्हतं, त्यामुळे छान जमलं.

आणि एका दुपारी, दिवाळी उलटल्यावर, २००५ सालची गोष्ट, तिला त्या लँटर्नमध्ये भाषांची यादी दिसली. बंगाली होती. तमिळ होती. गुजराती होती. मराठीही होती, पण फिकट, आणि पुढे आकडा, ३८ टक्के. बोट दाबलं तर काही होईना.

"नाव हाय अन् दाबता येत नाई? हे काय वरातीले बोलवून पंगतीतून उठवनं झालं?"

दुकानात ती एकटीच होती. भिंतीला म्हणाली आणि शोधाला लागली. तासाभरात सापडलं. लँटर्नवरची सगळी वाक्यं मराठीत आणण्याचं काम एक कार्यगट करतो. भाषेचा कार्यगट, छपाईचा कार्यगट, चित्रांचा कार्यगट, असे अनेक. जगभरची माणसं आपापल्या गावी बसून काम करतात, एकमेकांना टपालयादीवर पत्रं टाकतात. एकाने टाकलेलं पत्र सगळ्यांना पोचतं. आणि खाली लिहिलं होतं, कोणीही सामील होऊ शकतो.

कोणीही! धुरपताने हा शब्द सरकारी जाहिरातींत शंभरदा वाचला होता. त्याचा अर्थ तिला ठाऊक होता. कोणीही म्हणजे आधीच ठरलेला कोणीतरी.

म्हणून तिने पक्कं काम केलं. हाताने अर्ज लिहिला. 'प्रति, माननीय अध्यक्ष महोदय, मराठी कार्यगट, लँटर्न. विषय, सभासद म्हणून घेण्याबाबत.' सोबत दहावीची गुणपत्रिका, नापासाची का होईना. सरपंचाचं शिफारसपत्र, गोल शिक्क्यासकट. पासपोर्ट फोटो. लग्नपत्रिका छापणाऱ्या कवडूच्या दुकानात जाऊन सगळं स्कॅन करून घेतलं.

कवडू म्हणाला, "ताई, नोकरी लागून राह्यली काय?"

"नोकरी नाई. सभासद होऊन राह्यली."

"मंग वर्गणी किती?"

"ते नाई लिहिलं त्याइनं."

"म्हंजे लय मोठी असन," कवडूने मान हलवली.

अर्ज यादीवर गेला. पाच दिवस उत्तर नाही. धुरपता रोज सकाळी शटर वर करायची, मशीन लावायची, आणि सहाव्या दिवशी बाकावर बसायला कुठे जायचं हे शोधू लागली. तेवढ्यात उत्तर आलं. पुण्याची कोणी शरयू नावाची बाई होती, मराठी कार्यगटाचं काम जुळवणारी.

'धुरपताताई, नमस्कार. उशीर झाला, क्षमस्व. आमच्याकडे अध्यक्ष नाही. सभासद करून घेण्याची पद्धतही नाही. गुणपत्रिका कृपया सांभाळून ठेवा. खाली फाइलींची यादी आहे. कोणती घेताय?'

धुरपताने ते तीनदा वाचलं. अध्यक्ष नाही. पद्धत नाही. 'घेऊ का' असं विचारायची जागाच नाही, सरळ 'कोणती घेताय'! इतक्या वर्षांत, इतक्या खिडक्यांवर, तिला कोणी असं विचारलं नव्हतं. ती उठली, दारात जाऊन उभी राहिली, पुन्हा आत आली आणि सगळ्यात वरची फाइल घेऊन टाकली. पाहिलीसुद्धा नाही कशाची आहे.

ती घड्याळाची होती. बेचाळीस वाक्यं. वर इंग्रजी ओळ, खाली रिकामी ओळ. रिकाम्या ओळीत मराठी भरायचं, एवढंच. कळेना तिथे डिक्शनरी घेतली, डिक्शनरीतही कळेना तिथे मशीनवर ते घड्याळ उघडून बघितलं. दोन दिवसांत भरून पाठवलं. तिसऱ्या दिवशी शरयूने अकरा चुका काढून परत पाठवलं. आणि कुठे? सगळ्यांसमोर, यादीवर!

धुरपताचं टाळकं सरकलं. तिने लिहिलं, 'चुका काढायच्या होत्या तर कानात सांगायच्या. चारचौघांत माणसाचा पाणउतारा करायची ही कोणती रीत?'

शरयूचं उत्तर अर्ध्या तासात. 'इथे सगळं चारचौघांतच होतं. म्हणजे नंतर येणाऱ्याला वाचून शिकता येतं. माझं काम कसं परत आलं ते बघायचंय? मागची तीन वर्षं उघडा.'

धुरपताने उघडली. आठ दिवस ती जुनी पत्रं वाचत होती. पाहते तर शरयूच्या पहिल्या फाइलीत चोवीस चुका! लँटर्न ज्याने सुरू केलं त्या माणसाचंही काम एका कॉलेजच्या पोरीने परत पाठवलं होतं, आणि तो म्हणाला होता, बरोबर आहे, दुरुस्त करतो. धुरपता खुर्चीतच उडाली. मोठ्या माणसाला 'चूक आहे' म्हणायचं, आणि तो ऐकतो!

आणि वाचता वाचता तिला त्या सगळ्याचं कोडं सुटलं. हे तर आपल्या सभेसारखंच आहे. कोणी काम करून मांडलं, तो ठराव. दुसऱ्याने पाहून बरोबर म्हटलं, ते अनुमोदन. स्वतःच्या ठरावाला स्वतः अनुमोदन देता येत नाही, इथेही नाही. कोणाची हरकत असेल तर कारणासकट मांडायची, आणि हरकत मिटेपर्यंत ठराव अडकून. यादीवरची पत्रं म्हणजे इतिवृत्त. फक्त स्टेज नाही, हार नाही, आणि 'वेळेअभावी आपलं भाषण घेता येत नाही' म्हणणारा नाही. अरे, ही तर तिला जन्मभर हवी होती तशी सभा होती.

हिवाळाभर ती फाइलींमागून फाइली घेत गेली. ३८ चे ५२ झाले.

मग आला महाराष्ट्र दिन. सिंदी मेघेच्या सार्वजनिक वाचनालयाला कोणीतरी तीन कॉम्प्युटर दान दिले होते. वर्षभर ते चादरीखाली झाकलेले. एखादी बाई समोर बसायची, इंग्रजी बघायची आणि हात मांडीवर ठेवून उठून जायची. वाचनालयाचे सचिव होते मधुकरराव, एका ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. झेंडावंदनानंतरच्या सभेत त्यांनी ठराव मांडला की दसऱ्यापर्यंत कोणी वापरत नसेल तर मशिनी परत करून टाकाव्यात, धूळ पुसून शिपाई थकला.

धुरपता मागच्या रांगेतून उठली. "काऊन परत करता? लोकायले इंग्रजी येत नाई हा लोकायचा गुन्हा हाय का? दसऱ्याच्या आत हे मशीन मराठीत बोलन!"

"कोन बोलवन त्याले, बाई?" मधुकररावांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आमचा कार्यगट."

"अस्सं. अन् अध्यक्ष कोन या गटाचा?"

"अध्यक्ष नाई."

सभा हसली. मधुकरराव सगळ्यात जास्त हसले. "अध्यक्ष नाई, सचिव नाई, अन् म्हने गट! बाई, हा गट हाय का भंडाऱ्याची पंगत?"

धुरपताला हसणं सोसत नाही. ती म्हणून गेली, "दसऱ्याले मराठी नाई दिसली तं माह्या दुकानाची पाटी मी सोता उतरवीन. घ्या लिहून इतिवृत्तात!"

मधुकररावांनी लिहून घेतलं. अक्षर सुंदर होतं त्यांचं.

घरी येऊन तिने हिशेबाला बसल्यासारखी परिस्थिती पाहिली. लँटर्नची नवी सीडी सप्टेंबरात निघणार होती, म्हणजे दसऱ्याआधी वाचनालयाच्या मशिनींवर टाकता येणार होती. सीडीवर जागा त्याच भाषेला, जिची ऐंशी टक्के वाक्यं वीस ऑगस्टपर्यंत मान्य झालेली असतील. एकूण तीन हजार वाक्यं. एकटीने हे होणार नव्हतं. माणसं पाहिजेत.

माणसं आणणं हे मात्र तिचं काम! पहिला धरला कवडू. जूनमध्ये लग्नसराई संपते, मग त्याचं मशीन आणि तो दोघं माश्या मारतात. त्याची बोटं मराठीवर वाऱ्यासारखी चालायची, पण ती पत्रिकांच्या जुन्या फॉन्टवर. त्याने भरलेली पहिली फाइल शरयूकडे उघडली तर नुसत्या आकड्यांचा आणि स्वल्पविरामांचा चिवडा. चाळीस वर्षांचा माणूस पुन्हा पाटी-पेन्सिलीवर आला, नवा कळफलक शिकायला बसला. "चि. सौ. कां. लिहिता लिहिता म्हातारा झालो अन् आता 'क' कुठी हाय ते शोधून राह्यलो," तो म्हणायचा, पण शिकला.

दुसरी आचल, सावंगीला नर्सिंग शिकणारी. घरी आईला फोन करायला म्हणून यायची ती ओळख. बोलायला भित्री, पण शब्दाला चोख. तिसरे आले ते स्वतः मधुकरराव. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दुकानाच्या पायरीवर छत्री झटकत उभे.

"पाहाले आलो. पाटी उतरवताना शिडी लागन का, ते."

"या ना काकाजी. बसा. शिडीच्या आधी एक फाइल पाहा."

माणूस बसला तो रोज येऊ लागला. तीस वर्षं दुसऱ्यांच्या मसुद्यांत चुका काढलेला माणूस! त्याला तीन हजार वाक्यं म्हणजे मेजवानीच होती.

धुरपता शिकवायची ते झकास. "हे पाहा, इथं कोनी तुमाले बोलवाले येनार नाई. अक्षता वाटत नाई हे लोक. आपन होऊन जायचं, फाइल धरायची, 'मी घेतली' म्हनून सांगायचं. चुकलं तं चुकलं. चुकल्याबद्दल कोनी घरी येऊन मारत नाई." तिघांची भीड चेपली, काम धो धो वाहू लागलं. साठ. पासष्ट. बहात्तर! ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात लिहिलेलं एकोणऐंशी टक्क्यांवर पोचलं, धुरपताने गल्लीत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

आणि बारा तारखेला शरयूचं पत्र आलं.

'ताई, लिहिलेलं एकोणऐंशी टक्के आहे, पण मान्य झालेलं एकसष्टच. पाचशे चाळीस वाक्यांना अजून दुसऱ्या कोणाचं अनुमोदन हवंय. सगळी तुमच्या नावावर आहेत, म्हणून तुम्ही देऊ शकत नाही. मी एकटी आठ दिवसांत एवढं तपासू शकत नाही. तुम्ही म्हणता माणसं आहेत. कुठे आहेत? यादीवर मला फक्त तुम्हीच दिसता.'

धुरपता भडकली. "पुन्याची बाई मले खोटी म्हनून राह्यली! माणसं कुठी म्हंते! हे काय बाहुले हायेत का?"

तिघंही समोर होते. कवडूने घसा साफ केला. "ताई, राग नका येऊ देऊ. आमी पाठवतच नाई ना तिकडं."

"काऊन नाई पाठवत?"

"तुमीच तं सांगतलं. मले दाखवल्याबिगर काही जाऊ द्यायचं नाई म्हनून."

खरं होतं. जुलैत कवडूची ती चिवडा झालेली फाइल गेली तेव्हा धुरपताला आपलीच लाज गेल्यासारखं वाटलं होतं. तेव्हापासून तिने नियम केला. सगळ्यांनी काम तिच्या मशीनवर टाकायचं, ती बघेल, ती पाठवेल. नवख्यांना सांभाळून घ्यावं, एवढंच मनात होतं. म्हणजे ती स्वतःला तसं सांगत होती. पण काउंटरवर 'तपासणीसाठी' असं लिहिलेला ट्रे तिनेच ठेवला होता. आणि कोणी "ताई, जरा पाहता का?" म्हटलं की तिला बरं वाटायचं, दोन मिनिटं थांबवून मगच बघावंसं वाटायचं. खिडकीपलीकडच्या साहेबासारखं.

मधुकरराव चष्मा पुसत होते. "बाई," ते अगदी हळू म्हणाले, "तुमी अध्यक्ष नाई म्हनत होत्या. निवडून आल्या कधी?"

हाच टोमणा दुसऱ्या कोणी मारला असता तर काय झालं असतं सांगता येत नाही. धुरपताचे कान लाल झाले. तिने ट्रे उचलला, रागारागाने बाहेर नेऊन पाणपोईच्या माठावर झाकण म्हणून ठेवला आणि येऊन मशीनसमोर बसली. यादीवर लिहिलं, सगळ्यांसमोर.

'माझ्या नावावर आहे ते सगळं माझं नाही. फाइली दाखवणाऱ्या खिडकीची फाइल आणि मेनूच्या तीन फाइली आचलच्या. पत्रपेटीच्या सगळ्या कवडू नेवारे यांच्या. मदतीची पानं मधुकरराव यांची. मी त्यांना दारातच अडवून ठेवलं होतं. चूक माझी. आता ते स्वतः येतील.'

पाठवलं आणि वळून ओरडली, "झालं? आता लिहा आपापली नावं! पह्यले नाव, मंग काम!"

पण नाव लिहिणं सोपं होतं का? आचलने कळफलक मागे सारला. "ताई, माझं चुकलं तं जगभर जाईल ना."

"जाऊ दे ना बाई! माहं नापासाचं प्रमाणपत्र गेलं जगभर, काय वाकडं झालं माह्यं?"

मधुकररावांनी दीड पानी निवेदन तयार केलं, 'उपरोक्त विषयान्वये' पासून सुरू होणारं. धुरपताने त्यावर आडवी रेघ मारली. "काकाजी, दोन ओळी. मी मधुकर. मी तपासतो. बस."

संध्याकाळपर्यंत तीन पत्रं यादीवर गेली. शरयूने प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं, आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी तेच, 'कोणती घेताय?'

पुढचे आठ दिवस म्हणजे उधाण! आता चारही जण एकमेकांचं तपासू शकत होते. आचलचं कवडूने पाहायचं, कवडूचं काकाजींनी, काकाजींचं धुरपताने, धुरपताचं काकाजींनी, आणि त्यात काकाजींना जो आनंद व्हायचा तो लपवता येत नव्हता. मान्य झालेला आकडा रोज सरकायचा. अडुसष्ट. त्र्याहत्तर. शनिवारी रात्री तो अठ्ठ्याहत्तरवर येऊन थांबला. दोन हजार तीनशे बावन्न वाक्यं. पाहिजेत चोवीसशे. उरलेल्यांत त्रेसष्ट वाक्यांवर हरकती होत्या, आणि त्या रविवारी तीन वाजता, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, कार्यगटाच्या सभेत मिटणार होत्या. सभा म्हणजे पडद्यावर. सगळ्यांनी एकाच वेळी हजर राहायचं, आणि बोलायचं ते लिहून.

रविवारी दोनला लाइट गेले. भारनियमन सोमवारचं होतं, पण भारनियमनाला कोण विचारणार?

"सहा वाजेपर्यंत येत नाई," कवडू तारांकडे बघत म्हणाला.

"सावंगीले असतात ना!" आचल ओरडली. आचल ओरडली! "आमच्या होस्टेलसमोरच्या कॅफेत. दवाखान्याची लाइन हाय ती."

रूपराव ऑटोवाला कोपऱ्यावर डुलकी काढत होता. चौघं त्याच्या ऑटोत कोंबले गेले. मधुकरराव मांडीवर वहीत सगळ्या त्रेसष्ट हरकती घेऊन, कवडू अर्धा बाहेर.

"दवाखान्यात काय? सिरिअस हाय का कोनी?" रूपरावने विचारलं.

"मराठी सिरिअस हाय! हाण तू!" धुरपता म्हणाली.

तीनला पाच कमी असताना कॅफेत पोचले. दोन मशिनी रिकाम्या. एकावर आचल आणि कवडू, दुसऱ्यावर मधुकरराव आणि धुरपता. पडद्यावर शरयू हजर होती. 'नमस्कार. कोण कोण आहे?'

आचलने एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'मी आचल, सिंदी मेघे.' कवडूने तिच्या हातून कळफलक ओढला. 'कवडू. हजर.' मधुकररावांनी सही केल्यासारखं पूर्ण नाव लिहिलं. शेवटी, 'धुरपता.'

'वा! एवढी गर्दी मराठीच्या सभेला पहिल्यांदाच,' शरयूने लिहिलं. चौघांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

हरकती सुटू लागल्या. कवडूने शब्द सुचवला, शरयूने मानला. शरयूने सुचवला, आचलने लिहिलं, 'हरकत आहे', आणि लिहून स्वतःच तोंडावर हात धरला. पण कारण बरोबर होतं. शरयू म्हणाली, बरोबर. साडेचारपर्यंत चौतीस वाक्यं सुटली. दोन हजार तीनशे शहाऐंशी. चौदा कमी!

उरली एकोणतीस. एकोणतीस ठिकाणी एकच प्रश्न. काही पुसायच्या आधी, बंद करायच्या आधी मशीन विचारतं ते वाक्य. धुरपताने लिहिलं होतं, 'पक्कं ना?' तिचं लाडकं वाक्य होतं ते. मधुकररावांची हरकत, त्यांना हवं होतं 'आपली खात्री आहे काय?'

"काकाजी, हे मशीन हाय का तहसील?" धुरपता शेजारी बसून कुजबुजली.

"बाई, 'पक्कं' म्हंजे कोल्हापुरात कच्च्याच्या उलट आंब्याले म्हनत असतीन. सगळ्या महाराष्ट्राले कळाले पाहिजे."

दोघांनी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. दहा मिनिटं गेली. सभा पाचला संपणार, आकडा तिथेच. मग मागच्या रांगेतून उठल्यासारखी आचलची ओळ पडद्यावर उमटली. 'नक्की करायचं? असं लिहिलं तर?'

शरयू, 'मला चालेल.' कवडू, 'चालन.' मधुकररावांनी चष्मा वर केला, खाली केला आणि लिहिलं, 'हरकत मागे.'

आता एकटी धुरपता. नियम असा, तिची एक हरकत राहिली की एकोणतीस वाक्यं अडकली. आणि ती अडकली की वाचनालयातल्या मशिनी गेल्या, पाटी गेली, सगळं गेलं. पण खरं सांगायचं तर पाटीचं तिला त्या क्षणी काही वाटत नव्हतं. 'पक्कं ना?' हे तिचं होतं. तिच्या बापाने टपरीवर प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारलेलं. ती कळफलकाकडे बघत राहिली. समोरच्या मशीनवरून आचल तिच्याकडे बघत होती, डोळे मोठे करून, आपण काय करून बसलो अशा घाबऱ्या चेहऱ्याने. ही पोरगी आता पुन्हा कधी लिहिणार नाही, धुरपताला स्वच्छ दिसलं.

तिने मधुकररावांचा हात बाजूला सारला आणि लिहिलं, 'आचलचं चांगलं आहे. माझी हरकत नाही.'

मग शरयूची ओळ. 'दोन हजार चारशे पंधरा. साडेऐंशी टक्के. मराठी सीडीवर.'

कवडूने टेबलावर मूठ आपटली. मधुकरराव उभे राहून टाळ्या वाजवू लागले, एकटेच, झेंडावंदनाला वाजवतात तशा. आचल रडायला लागली. कॅफेतल्या डॉक्टरकीच्या पोरांना वाटलं, निकाल लागला. एकाने विचारलं, "कितने परसेंट?"

"साडेअस्सी!" धुरपता गरजली.

"फर्स्ट अटेम्प्ट?"

"मराठीचा फर्स्ट!"

परतीच्या वाटेवर ऑटोत कोणी गप्प बसेना. वारं लागल्यावर धुरपताचा आवाज पुन्हा चढला. "हरकत मागे घेतली म्हंजे मानलं नाई मी, काकाजी. पुढच्या सीडीच्या टायमाले हे वाक्य पुन्हा मांडनार हावो मी. कारणासकट!"

"मांडा ना. मी विरोध करीन. कारणासकट."

"करा ना! 'नक्की' म्हंजे काय? कोन बोलते नक्की आपल्या इकडं?"

"मी बोलते ना," आचल पुढून म्हणाली.

"तू गप्प... नाई, नाई. तू बोल. बोल तू."

रूपराव इतका वेळ आरशातून बघत होता. चाक खड्ड्यातून काढत म्हणाला, "बाई, मले समजलं नाई पूरं, पण मशीन पुसाच्या आधी विचारते, असंच ना? मंग 'पुसू का?' असं सरळ काऊन नाई विचारत ते? माहं गिऱ्हाइक उतरते तं मी विचारतो, थांबू का?"

मधुकररावांनी वही उघडली. कवडूने पुढे वाकून रूपरावकडे नीट पाहिलं, जणू आज पहिल्यांदाच दिसतोय. धुरपताने तोंड उघडलं, 'उद्या दुकानात ये, पाहू' म्हणायला. ते शब्द जिभेवर आले होते. तिने गिळले.

"रूपराव," ती म्हणाली, "रविवारी तीनले सभा असते. मले नको सांगू. तिथं येजो अन् सोता लिहिजो."

"मले टायपिंग नाई येत."

"कवडूले बी येत नव्हतं," धुरपता म्हणाली. "सांग, कोनती घेतो?"